हरीण, कुकर आणि गुरुवार

प्लेनो, टेक्सस
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय शैलजामावशी,

फोनवर मी 'हं' आणि 'ठीक' यांच्यापुढे जात नाही म्हणून यापुढे ईमेलवर पत्र लिहायचं, असा नियम तू दिवाळीत केलास. तो पाळते आहे. तब्येत ठीक, काम ठीक, तू पाठवलेली चकली संपली. आता मुद्दा.

माझ्या डीप फ्रीझरमध्ये एक हरीण आहे.

सगळं रीतसर आहे. ऑफिसातला एक सहकारी मोसम सुरू झाला की मित्राच्या रँचवर शिकारीला जातो. यंदा त्याला पहिल्यांदाच हरीण मिळालं. कसायानं तुकडे करून, पांढऱ्या कागदात बांधून दिले आणि मग याच्या लक्षात आलं की आपल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात फक्त बर्फाचा ट्रे मावतो. मी दर रविवारी आठवड्याचा स्वयंपाक करून, डब्यांवर चिठ्ठ्या लावून गोठवते हे आमच्या चिप तपासायच्या लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून विनोदही होतात. म्हणून तो माझ्याकडे आला. मी पैसे देऊ केले तर म्हणाला, इथे शिकारीचं मांस विकायला बंदी आहे, ते फक्त देता येतं.

तर माझ्याकडे आहेत: पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी निघालेल्या दोन लांब पट्ट्या (हा सगळ्यात भारी तुकडा, असं कसाई म्हणाला), मागच्या मांड्या, पुढचे खांदे, चार नळ्या, मान आणि थोडा खिमा.

मी आजवर फक्त चिकन केलं आहे. तू नागपूरची, सावजी मटणात तुझा हात कुणी धरत नाही. म्हणून प्रश्न एकच: कोणत्या तुकड्याला किती शिट्ट्या?

आईलाच विचारलं असतं, पण तुझी बहीण आधी 'कुणी दिलं' हे विचारेल.

तुझी
आश्लेषा


वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
११ नोव्हेंबर

आशू बाई,

आणि मी विचारणार नाही असं तुला वाटलं? बाप्पा!

मला या देशात येऊन सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत ऑफिसात मला कुणी घरची काकडीसुद्धा दिली नाही आणि तुला अख्खं हरीण! मनोहरकाकांना पत्र वाचून दाखवलं. तेव्हापासून ते घरभर "कोणत्या तुकड्याला किती शिट्ट्या" असं गंभीर आवाजात म्हणत हिंडतायत. काल भेंडी चिरतानासुद्धा तेच.

आता ऐक. हरीण असो की बोकड, लाल मांस ते लाल मांस. आधी भारी तुकडा कर, म्हणजे देणाऱ्यालाही बरं वाटेल. ती पाठीची पट्टी घे, मोठे तुकडे कर. कच्ची पपई किसून, दही, आलं-लसूण, हळद, मीठ लावून रात्रभर ठेव. पपईला कंजुषी करू नको. रानातलं जनावर आहे, चिवट असणार. दुसऱ्या दिवशी कांदा-खोबरं भाजून घे, माझा मसाला दोन चमचे घाल आणि कुकरला एक शिट्टी मोठ्या आचेवर, पाच बारीक आचेवर. मग बघ कसं मऊ होतं ते.

'एक सहकारी' म्हणजे कोण? त्याला नाव आहे का? लग्न झालंय का? हरीण मारलं म्हणजे डोळे तरी चांगले असणार.

तुझी मावशी


प्लेनो
१६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

सूचना तंतोतंत पाळल्या. निकाल: बाहेरून चिखल, आतून काथ्या.

पपईनं वरचा भाग इतका विरघळवला की तो मसाल्यात मिसळून गेला. आतला भाग मात्र कुकरमधून दोरे-दोरे होऊन बाहेर आला. तोंडात घातला तर चावावा लागत होता, आणि चावला तर त्यातून काहीच निघत नव्हतं. मसाला उत्तम होता. मांसाच्या जागी मी भांडी घासायची काथ्याची चोयटी घातली असती तरी चाललं असतं.

ज्याचं हरीण त्याला चव दाखवणं योग्य, म्हणून राजला बोलावलं होतं. (नाव राज. लग्न झालेलं नाही. इथेच जन्मला, आई-वडील ह्यूस्टनला असतात. डोळ्यांबद्दल म्हणशील तर चष्मा आहे. शिकारीला जाताना लेन्स लावतो.) त्यानं दोनदा वाढून घेतलं. पाणी सात-आठ ग्लास प्यायला. मी म्हटलं, आवडलं नसेल तर सांग. तो म्हणाला, "नो नो, इट हॅज अ लॉट ऑफ फायबर."

मी त्यानंतर वाचन केलं. बोकडाच्या मांसात आतपर्यंत चरबीच्या रेषा असतात, त्या वितळतात आणि मांस ओलं राहतं. हरणाच्या मांसात त्या जवळजवळ नसतातच. जी थोडी चरबी बाहेरून असते ती मेणासारखी, काढूनच टाकायची. म्हणजे लाल मांस ते लाल मांस हे गृहीतक चुकीचं आहे.

दोन पट्ट्यांपैकी एक संपली. आता एकच उरली आहे.

आश्लेषा


वेस्ट विंडसर
१७ नोव्हेंबर

आशू,

फायबर! अगं, मी ट्रेनमध्ये वाचलं आणि इतकी हसले की प्रिन्सटन जंक्शनला उतरायचं विसरले. पुढच्या स्टेशनवरून काकांना फोन केला, ते गाडी घेऊन आले. त्यांना गाडीतच वाचून दाखवलं, मग तेही एक वळण चुकले.

चूक माझी. पट्टी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर बोकडाचा चाप आला. पुढच्या वेळी कुकर काढूच नको. तुझं ते लॅबमधलं थर्मामीटर आहे ना, ते खुपसून कर, अमेरिकन लोक करतात तसं. आणि उरलेल्या पट्टीला हात लावू नको, आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसव.

तुझ्या पत्रात मांसाच्या तांत्रिक माहितीइतकीच त्या मुलाची तांत्रिक माहिती आहे, हे तुझ्या लक्षात आलंय का? लेन्स कधी लावतो हेसुद्धा? मी काही म्हणत नाही. मी फक्त आनंदानं इडल्या केल्या.

मावशी


प्लेनो
२२ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझ्या सांगण्यावरून कुकर बाद केला. नळी घेतली, मीठ-मिरपूड लावली, तव्यावर चारी बाजूंनी भाजली, आतलं तापमान चोपन्न अंशांवर आणलं, कापली. आतून गुलाबी, दिसायला पुस्तकातल्या चित्रासारखी.

राजनं एक तुकडा तोंडात घातला. बराच वेळ गेला. मग त्यानं तो बाहेर काढला, ताटलीवर सोडला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "इज इट सपोज्ड टू बाउन्स?"

मी हसले. मला थांबता येईना. तोही हसायला लागला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला झाडूचा दांडा आपटला, त्यावर आम्ही आणखी हसलो. हे मी फक्त निकालाचा भाग म्हणून नोंदवते आहे.

मग आम्ही शास्त्रशुद्ध विचार करायचं ठरवलं. कोणता स्नायू किती काम करतो हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. चित्रं बघून कळेना, म्हणून राज गालिच्यावर ओणवा झाला आणि हरणासारखा चालून दाखवायला लागला. मी मार्कर घेतला आणि त्याच्या शर्टावर तुकड्यांच्या हद्दी आखल्या. (शर्ट जुना होता. मी आधी विचारलं होतं.) खांदा: प्रत्येक पावलाला हलतो. मान: चरताना दिवसभर खाली-वर. मांडी: उडी मारताना सगळा जोर. नळी: सतत. पाठ: नुसती सोबत जाते.

तो म्हणाला, "सो द बॅक इज लाइक मॅनेजमेंट."

मुद्दा कळला. जे स्नायू काम करतात त्यांच्यात चिवट पडदे आणि दोरे असतात. ते तासन्‌तास ओल्या उष्णतेत ठेवले तरच विरघळतात आणि रश्श्याला ओठ चिकटतील असा दाटपणा देतात. पाठीत विरघळण्यासारखं काही नसतंच. ती जास्त तापवली की फक्त आतलं पाणी पिळून निघतं. म्हणजे नळी, मान, खांदा कुकरमध्ये किंवा मंद आचेवर. पाठ तव्यावर, झटपट, वरचा चंदेरी पापुद्रा सोलून. मांडी मध्ये कुठेतरी: आडवी, पातळ कापली तर तव्यावर, नाहीतर सुक्यात. तुझा कुकर बरोबर होता, मावशी. आपण तुकडा चुकलो.

आणखी एक गोष्ट. राजला आमच्या सनीव्हेलच्या ऑफिसात (इथून विमानानं चार तास) जागा देऊ केली आहे. एक डिसेंबरला उत्तर द्यायचं आहे. जागा चांगली आहे. त्यानं मला विचारलं, "व्हॉट डू यू थिंक?" मी त्याला फायद्या-तोट्यांचा तक्ता करून दिला. फायद्यांची बाजू बरीच लांब झाली. त्यानं तो नीट वाचला, थँक्स म्हणाला, आणि सगळी भांडी घासून गेला. तव्याची मागची बाजूसुद्धा.

थँक्सगिव्हिंगला त्याचे आई-वडील, सरलाकाकू आणि संजीवकाका, ह्यूस्टनहून येणार आहेत. जेवण माझ्याकडे करायचं ठरलं आहे. उरलेली पट्टी तेव्हा करीन.

बाकी ठीक. झोप जरा कमी आहे. हवा बदलते आहे.

आश्लेषा


वेस्ट विंडसर
२३ नोव्हेंबर

गधडे,

तक्ता? मुलगा तुझ्या गालिच्यावर हरीण होऊन चालला, पाठीवर मार्करनं रेघोट्या मारून घेतल्या, आणि 'तुला काय वाटतं' असं विचारल्यावर तू त्याला तक्ता दिलास?

अगं, त्याला सनीव्हेलचे फायदे तुझ्याकडून नको होते. ते त्याला त्याच्या मॅनेजरनं सांगितलेच असतील. त्याला तू काय म्हणतेस ते ऐकायचं होतं. आणि तू त्याच्या हातात जाण्याची कारणं लिहून ठेवलीस, तीही मुद्देसूद. आता तो बिचारा समजत असेल, हिला माझ्या जाण्याचं काही नाही. मीही तेच समजले असते.

तुला तो जायला नकोय. खरं की खोटं? मला उत्तर नको. त्याला दे. एका वाक्याचं काम आहे, आणि एक तारखेच्या आत दे. नंतर नुसतं हळहळत बसायला नको.

हवा बदलते म्हणे. टेक्ससमध्ये?

आता रस्सा. नळ्या आणि मान हाडासकट घे. तेलात खडा मसाला, त्यावर मांस चांगलं तांबूस होईपर्यंत परत. घाई करू नको, ही पायरी तू नक्की घाईत उरकशील. मग वाटण, मसाला, गरम पाणी. कुकर असेल तर चाळीस मिनिटं बारीक आचेवर, नुसतं पातेलं असेल तर तीन-चार तास. वर तेलाचा तवंग आला की समजायचं. काका म्हणतात, तूही नळीच आहेस: सुरुवातीला उडी मारून ताटाबाहेर जातेस, पण कुणी चिकाटीनं बसलं तर मऊ होतेस. मी त्यांना म्हटलं, तिला हे लिहिणार नाही. लिहिलं.

मावशी


प्लेनो
२६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

उद्याची तयारी पूर्ण. नळ्या आणि मानेचा रस्सा आज परतून, मसाला घालून ठेवला; उद्या सकाळी मंद आचेवर चढवीन. खिम्यात चरबी कमी म्हणून थोडं लोणी घालून कबाब वळले. पट्टी सोलली, कोरडी केली, फ्रीजमध्ये उघडी ठेवली. भाकरीचं पीठ आणलं. राज आई-वडिलांना घेऊन दुपारी येईल. ते जेवून रात्रीच परत निघणार आहेत.

वाक्य तयार आहे. तीन मसुदे झाले. पहिल्या मसुद्यात 'तुझ्या निर्णयाचा पूर्ण आदर ठेवून' अशी सुरुवात होती, ती काढली. भांडी घासताना सांगेन, तेव्हा कुणी कुणाकडे बघत नाही.

तुझ्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर: खरं.

आश्लेषा


वेस्ट विंडसर
२७ नोव्हेंबर, सकाळी

आशू, फोन उचल! तो सायलेंटवर ठेवून तू कांदे चिरत असशील. निदान हे तरी बघ.

मी आत्ता घट मांडायला पाट घेतला आणि कपाळावर हात मारला. अगं, आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार! थँक्सगिव्हिंग गुरुवारीच येतो हे मला पाठ आहे आणि मार्गशीर्ष लागलाय हेही मला पाठ आहे, फक्त दोन्ही एकमेकांना भेटवायचं राहून गेलं! सरलाकाकू कुठल्या? डोंबिवलीच्या, असं फोनवर काकांना म्हणाली होतीस ना? त्या नक्की महालक्ष्मीचं व्रत करत असणार. आणि तू त्यांना हरीण वाढणार!

विचार. आत्ताच्या आत्ता राजला विचार.

मावशी


प्लेनो
३० नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी शुक्रवारी संध्याकाळी वाचलं. तोवर सगळं होऊन गेलं होतं. आता क्रमानं सांगते. मध्ये क्रम चुकला तर समजून घे, मी नेहमीची नाही.

गुरुवारी दुपारी दार उघडलं तेव्हा सरलाकाकूंच्या हातात तांब्याचा कलश होता, काखेत नारळ, आणि मागे संजीवकाकांच्या हातात झाडांच्या डहाळ्यांचा मोठा झुबका, शेजाऱ्यांच्या अंगणातून विचारून आणलेला. काकू हसतमुख. आत पाऊल टाकलं, नाक वर केलं.

"अगं बाई, काय सुंदर वास सुटलाय! काय शिजतंय?"

राज म्हणाला, "डिअर, मॉम. माय डिअर."

काकूंचा पाय होता तिथेच थांबला. "राज, आज गुरुवार आहे."

"थँक्सगिव्हिंग इज ऑलवेज ऑन थर्सडे, मॉम."

"मार्गशीर्षातला गुरुवार!"

माझ्या डोक्यात फक्त एवढंच आलं की मी दोन आठवडे तापमानं तपासली आणि पंचांग एकदाही तपासलं नाही. संजीवकाका इतक्यात स्वयंपाकघरात पोचले होते. त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं, आत बघितलं आणि अशा आवाजात म्हणाले, जणू कुणीतरी गेलंय, "सरला, तवंग आलाय गं."

"झाकण ठेवा."

"अमेरिकेत मार्गशीर्ष जरा..."

"अमेरिकेतसुद्धा गुरुवार गुरुवारीच येतो. झाकण ठेवा!"

मी गॅस बंद केला. म्हटलं, "काकू, चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं." काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं. मग त्या म्हणाल्या, "चूक कसली? त्या गाढवाला तीस वर्षं माझा गुरुवार बघून कळला नाही, तुला कसा कळणार? पण इथे आता नैवेद्य होणार नाही. दुसरं स्वयंपाकघर कुठे आहे?"

दुसरं स्वयंपाकघर राजचं, पार्किंगच्या पलीकडच्या इमारतीत. तिथे आजवर काहीही शिजलेलं नाही. ओव्हनमध्ये बूट ठेवलेले होते. कांदा नाही, लसूण नाही, अंडं नाही, मीठसुद्धा नाही. काकूंनी सगळे कप्पे उघडून बघितले आणि समाधानानं म्हणाल्या, "याच्याइतकं सोवळं स्वयंपाकघर मी डोंबिवलीतही बघितलं नाही."

मग थँक्सगिव्हिंगच्या दुपारी आम्ही चौघं पार्किंगमधून ये-जा करत होतो. मी डाळ-तांदळाचे डबे घेऊन, राज माझी कोरी, न वापरलेली पातेली डोक्यावर घेऊन, काका कलश दोन्ही हातांनी धरून, पाणी सांडू नये म्हणून नवरदेवासारखे सावकाश. झाडू आपटणाऱ्या बाई बाल्कनीत उभ्या राहून बघत होत्या. राजनं त्यांना हात केला आणि "हॅपी थँक्सगिव्हिंग!" म्हणून ओरडला. त्यांनी आम्हाला एक पम्पकिन पाय दिला, भोपळ्याचं गोड सारण भरलेला. काकूंनी आधी अंडं आहे का विचारलं, मग तो माझ्याकडे ठेवायला सांगितला.

राजच्या टीव्हीच्या स्टँडवर घट बसला. काकूंनी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि शिरा केला. काकांनी वरण-भात कालवताना तीनदा खिडकीतून माझ्या इमारतीकडे बघितलं. काकूंनी मला व्रताची पोथी आणि एक सफरचंद दिलं, कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "घट उद्या सकाळी हलवायचा. तोवर आम्ही कुठे जात नाही. मी महिनाभर नाही पाळत, फक्त गुरुवार. घट हलला की मग बघू तुझं हरीण."

भांडी घासायला मी उभी राहिले. वाक्य तयार होतं. पण भांडी काकूंनी घासली आणि राजनं पुसली, आणि मला काकांनी क्रिकेटबद्दल विचारलं. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही.

शुक्रवार. काकूंनी आंघोळ करून घट हलवला, पाणी राजच्या गॅलरीतल्या एकुलत्या कॅक्टसला घातलं आणि माझ्या दारात उभ्या राहिल्या. "चला! नाश्त्याला हरीण!"

रस्सा रात्रभर मुरून आदल्या दिवसापेक्षा चांगला झाला होता. ओठ चिकटत होते. काकू आधी नुसता रस्सा प्यायल्या, मग नळी उचलली आणि ताटावर ठणाठण आपटायला लागल्या. आतली मज्जा बाहेर येईपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. खालून झाडू वाजला. काका म्हणाले, "ताल बरोबर आहे बाईंचा."

मग पट्टी. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला, पट्टी सगळ्या बाजूंनी भाजली, शेवटी तूप आणि लसूण. बावन्नला उतरवली. आता दहा मिनिटं ती फळीवर तशीच ठेवायची असते, म्हणजे आतला रस आतच राहतो. त्या वेळात काही करायचं नसतं. काका-काकू बाहेर बसले होते. राज माझ्या शेजारी ओट्याला टेकून उभा होता, पट्टीकडे बघत. मी वाक्य आठवायचा प्रयत्न केला. तिन्ही मसुदे गेले.

मी म्हटलं, "सनीव्हेलला जाऊ नकोस."

तो माझ्याकडे वळला. चष्मा नाकावर वर सरकवला. मग विचारलं, "इज दॅट अ रेकमेंडेशन ऑर अ रिक्वायरमेंट?"

आमच्या कामात, मावशी, या दोन शब्दांत फार फरक आहे. शिफारस पाळली नाही तरी चालतं. अट पाळली नाही तर चिप बाहेर जात नाही.

मी म्हटलं, "रिक्वायरमेंट."

"मग तक्ता?" हे त्यानं मराठीत विचारलं. त्याचं मराठी फार वाईट आहे आणि त्या क्षणी मला ते फार चांगलं वाटलं.

"तक्त्यात एक ओळ राहिली होती," मी म्हटलं.

त्यानंतरचं तपशिलात लिहीत नाही. दहा मिनिटं कधी झाली कळलं नाही, त्याच्या कितीतरी नंतर काकांचा आवाज आला: "अरे, त्या हरणाला उठवा आता! आम्ही काय मार्गशीर्ष संपेपर्यंत बसायचं का?"

पट्टी गार झाली होती. कापली तर आतून गुलाबी. काकू म्हणाल्या, "अगं, कच्ची आहे!" मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तोवर काकांनी दोन काप तोंडात टाकले आणि डोळे मिटले. काकूंनी एक घेतला, मग दुसरा, मग माझ्याकडे बघितलं, मग राजकडे. राजच्या गालावर तूप लागलेलं होतं. ते कसं लागलं याचं तर्कशुद्ध स्पष्टीकरण माझ्याकडे नव्हतं आणि त्यांनी मागितलं नाही. विचारलं ते एवढंच, "हे करायला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "माझ्या मावशीनं."

"त्यांना सांग, नाताळात या. सगळे जमू. त्या वेळी गुरुवार मी आधीच बघून ठेवीन."

म्हणजे तुम्हाला यायचं आहे. मनोहरकाकांनाही. अजून मांड्या आणि खांदे तसेच आहेत. आईला मी आज रात्री स्वतः फोन करणार आहे आणि 'हं' म्हणणार नाही. तू आधी सांगू नकोस. सांगितलं असशील तर तिला आश्चर्य दाखवायला सांग.

राजनं उद्याची वाट न बघता त्याच्या मॅनेजरला काल, सुट्टीच्या दिवशी, नकार कळवला. कारणाच्या जागी काय लिहिलं हे मला दाखवत नाहीये.

आता तो माझ्या मागे उभा राहून हे पत्र वाचायचा प्रयत्न करतो आहे. त्याला मराठी वाचता येत नाही. पण परवा काकूंनी त्याला त्याचं नाव लिहायला शिकवलं, त्यामुळे तो फक्त तेवढंच शोधतो आहे. स्क्रीनवर बोट ठेवून वरपासून मोजत आलाय, आणि दर वेळी सापडलं की मोठ्यानं आकडा म्हणतो. मी त्याला थांबवत नाही. उलट, मावशी, मी आणखी एकदा लिहिते: राज.

तुझी
आशू